फळ्याची पृथ्वीकडची बाजू

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले प्राचार्य. प्रमुख पाहुणे म्हणून मुद्दाम वेळ काढून आलेले परीक्षा मंडळाचे माजी सचिव. व्यासपीठावरील इतर मान्यवर. आज ज्या आपला निरोप घेत आहेत त्या भौतिकशास्त्र विभागाच्या आमच्या बाई. माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील बंधुभगिनी, आजी-माजी विद्यार्थी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली सर्व मंडळी, आपणा सर्वांना विभागप्रमुख या नात्याने माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. समारंभ समितीने चिठ्ठीवर तसं लिहूनच दिलंय, आणि खाली 'शेवटी थोडे भावुक' असंही लिहिलंय. वाणिज्य विभागाच्या प्रमुखांनी तर सकाळी मला दोन रुमाल जवळ ठेवायला सांगितलं. मी एकही आणलेला नाही. गेली अकरा वर्षं मला रडू येत नाही. हे काही कौतुकाने सांगत नाही, पण त्या बाबतीत आपली निराशा होणार असेल तर ती आधीच झालेली बरी.

बाईंबद्दल काय सांगावं? चौतीस वर्षं त्यांनी या महाविद्यालयात शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं शेवटच्या वर्गाला विशेष सापेक्षता शिकवली. आपल्या वार्षिक समारंभात एकदा एक पाहुणे म्हणाले होते, की इथले विद्यार्थी प्रकाशाच्या वेगाने प्रगती करत आहेत. बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, की मग त्यांचं वस्तुमान कुठे गेलं? वस्तुमान असलेल्याला तो वेग गाठताच येत नाही, हे पाहुण्यांना काही कळलं नाही. आमच्या विभागातली मुलं मात्र आठवडाभर हसत होती. बाई अशा आहेत. तोंडावर बोलतात आणि मागे काही ठेवत नाहीत.

विज्ञानाशी संबंध नसलेल्या मंडळींनी घाबरू नये, पण मला थोडं त्यांच्या गणितांविषयी बोलावं लागेल. अतिवेगवान अंतराळप्रवासाची गणितं जगभर घातली जातात. त्यांत कुणीतरी धीरोदात्त अंतराळवीर असतो, तो कुठल्यातरी ताऱ्याकडे निघतो, आणि किती वर्षांनी पोचेल ते आपण काढायचं. बाईंना हे अंतराळवीर कधीच आवडले नाहीत. त्या म्हणायच्या, एवढ्या लांब जायचं तर माणसाला काहीतरी काम हवं. म्हणून त्यांच्या गणितांत प्लंबर जायचा. बारा प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याजवळ कुणाच्या तरी घरी नळ गळतोय, तक्रार आलेली आहे, आणि आमचा प्लंबर प्रकाशाच्या साठ टक्के वेगाने पिशवी घेऊन निघाला आहे. तो पोचेपर्यंत घरमालकिणीच्या घड्याळाने किती वर्षं झाली, त्याच्या स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाने किती? मालकिणीची वीस होतात, त्याची सोळा. यावर एक मुलगा म्हणाला होता, म्हणजे चार वर्षं उशीर करूनही तो 'मी वेळेत आलो' म्हणणार. बाईंनी त्याला एक मार्क जास्त दिला.

माइक जरा खाली घेतो. हं.

तर आमच्या विभागात एक पद्धत होती. पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी आणि मी मिळून ती सुरू केली. परीक्षेत घालायचं प्रत्येक गणित आम्ही शनिवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, तीन नंबरच्या खोलीतल्या मोठ्या फळ्यावर सोडवायचो. फळ्याच्या बरोबर मध्ये उभी रेघ. रेघेच्या डावीकडे मी, पृथ्वीच्या बाजूने. उजवीकडे बाई, यानाच्या बाजूने. मी सगळं घरी थांबलेल्या माणसाच्या घड्याळाने मोजायचं, त्यांनी सगळं प्रवाशाच्या घड्याळाने. वाटेतले आकडे वेगळे येणार, लांबी वेगळी, वेळ वेगळा. शेवटचं उत्तर मात्र एकच यायला हवं. नियम एकच, रेघेपलीकडे डोकावायचं नाही. ज्याचं आधी होईल त्याने खडू ठेवून खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं. मुलांनी त्यावरून आम्हाला नावं पाडली होती. मी जमिनीवाले सर आणि त्या यानवाल्या बाई. खिडकीपाशी जवळजवळ नेहमी बाईच आधी पोचायच्या.

दोन्ही उत्तरं जुळली की मी 'जमलं' म्हणायचो. मगच ते गणित प्रश्नपत्रिकेत जायचं. चौदा वर्षं हे असं चाललं आणि त्या चौदा वर्षांत आमच्या एकाही गणिताबद्दल तक्रार आली नाही. आपले प्रमुख पाहुणे याची साक्ष देतील, कारण त्या काळात मंडळाचे सचिव तेच होते.

मघाशी वाचलेलं मानपत्र आपण ऐकलंत. त्यात बाईंच्या अध्यापनाचा उल्लेख आहे, प्रयोगशाळेचा आहे, सहलींचासुद्धा आहे. प्रश्नपत्रिकांचा नाही. ज्या गोष्टीला त्यांनी जीव लावला तिचा एका ओळीनेही उल्लेख नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का? मानपत्राचा मसुदा मी केला आहे.

बाई मान हलवताहेत. मागच्या बुधवारी मी त्यांना सांगितलं, की मी आज हे बोलणार आहे. त्या म्हणाल्या, माझं कौतुक करा आणि खाली बसा. बाई, आयुष्यभर तुमचं ऐकलं. आज ऐकत नाही, त्याबद्दल माफ करा.

अकरा वर्षांपूर्वी माझी पत्नी वारली. पंधरा दिवसांचं आजारपण, आणि संपलं. मुलगी चार वर्षांची होती. पुढच्याच आठवड्यात मी कामावर हजर झालो. सगळे विचारायचे, सर, कसं आहे? मी म्हणायचो, बरं आहे. खोटं बोलत नव्हतो. दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल जसा आपला राहत नाही तसं माझं सगळं झालं होतं. जेवायचो, शिकवायचो, मुलीची वेणी घालायचो. दुःख होत नव्हतं, निदान मला तरी कळत नव्हतं. लोक म्हणाले, सरांनी फार धीराने घेतलं. त्याबद्दल त्या वर्षी या सभागृहात माझं कौतुकही झालं होतं.

दीड महिन्याने परीक्षेची गणितं ठरवायची होती. शनिवारी आम्ही फळ्यापाशी उभे राहिलो. बाईंनी नवं गणित आणलं होतं. प्लंबर त्याच वेगाने निघाला आहे. त्याच्या घड्याळाने आठ वर्षं झाल्यावर त्याच्या लक्षात येतं, की पाना घरीच राहिला. तो ताबडतोब बायकोला संदेश पाठवतो. बायकोच्या घड्याळाने, तो निघाल्यापासून किती वर्षांनी तो संदेश तिला मिळेल?

गणित सोपं आहे. पृथ्वीच्या बाजूने तर तीन ओळींचं. त्याची आठ म्हणजे तिची दहा. दहा वर्षांत तो सहा प्रकाशवर्षं लांब गेलेला. संदेशाला परत यायला सहा वर्षं. दहा आणि सहा सोळा. वर्गात मी हे झोपेतही करून दाखवलं असतं.

पण पृथ्वीची बाजू म्हणजे काय? घरी थांबलेल्या बायकोच्या घड्याळाने मोजायचं. ती स्वयंपाकघरात आहे, वर्षं जाताहेत, आणि संदेश कधी येईल ते तिच्या बाजूने बघायचं. मी खडू उचलला आणि फळ्यावर 'पत्नी' असं लिहिलं. त्याच्यापुढे मला काही लिहिता येईना. रडूही आलं नाही. मी नुसता उभा होतो. उजवीकडे बाईंच्या खडूचा टकटक आवाज चालू होता. त्यांनी नेहमीप्रमाणे आधी संपवलं आणि त्या पाठ करून खिडकीपाशी गेल्या.

मग मी रेघेपलीकडे पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या बाजूला वरच लिहिलं होतं, की आठ वर्षं झाली तेव्हा पृथ्वी चार पूर्णांक आठ दशांश प्रकाशवर्षं मागे पडली आहे. यानातून पाहिलं तर ते बरोबरच आहे. त्यापुढचं मी वाचलं नाही. मी 'जमलं' म्हणालो, आणि बाई वळायच्या आत डस्टरने अख्खा फळा पुसून टाकला. माझी बाजू कोरी आहे हे त्यांना दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

सोमवारी उत्तरसूची भरायची होती. मी तिच्यात लिहिलं, आठ अधिक चार पूर्णांक आठ, बरोबर बारा पूर्णांक आठ वर्षं. घड्याळ त्याचं, अंतर त्याचं, आणि उत्तर तिच्या नावावर. पहिल्या महिन्यातला विद्यार्थी जी चूक करतो आणि बाई जिच्यासाठी त्याला उभं करतात, ती. खाली मी सही केली. बाईंनी कागद न वाचता माझ्या सहीखाली सही केली, कारण मी 'जमलं' म्हणालो होतो.

पेपर तपासणारे उत्तरसूची बघून तपासतात. ज्यांनी दोन घड्याळांची भेसळ केली त्यांना सहापैकी सहा मिळाले. ज्यांनी नीट सोडवलं त्यांना शून्य.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. माणसाच्या हातून होते. आपण सगळे समजून घ्याल, मला खात्री आहे. पुढचं तसं नाही.

निकाल लागल्यावर आठवड्याभरात एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. बाईंची अतिशय लाडकी. पुढे शिकून हाच विषय करायचा तिने ठरवलेलं होतं. ती त्या एकाच पेपरात चार मार्कांनी नापास झाली होती. उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, माझी सोळा वर्षं बरोबर आहेत. तुम्ही एकदा करून बघा." मी तिच्यासमोर कागदावर तीन ओळी केल्या. सोळा. मी कागद दुमडला आणि सांगितलं, अर्ज ठेवून जा, बघतो. तो अर्ज मी खणात ठेवला. दडपायचा असं ठरवून नाही. ठरवण्याइतकं काही वाटतच नव्हतं. खण उघडला की अर्ज दिसायचा, मी खण बंद करायचो. पाच आठवडे.

पाच आठवड्यांनी ती बाईंना जिन्यात भेटली. बाई तशाच माझ्या खोलीत आल्या, तिचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?  त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. मग माझ्याच टेबलावर बसून त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं, की उत्तरसूची चुकलेली आहे. दोन आठवड्यांत निकाल दुरुस्त झाले. ती मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. तोपर्यंत पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाची मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची तब्येत ढासळली आणि ते शिक्षण राहूनच गेलं.

मंडळाने चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष होते आपले आजचे प्रमुख पाहुणे. साहेब, आपल्याला आठवत असेल, आपण आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं होतं, फळ्याची कुठली बाजू चुकली? मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. बाई म्हणाल्या, "यानाची. ती बाजू माझी असते." मी तोंड मिटलं. आपण ते लिहून घेतलंत. त्यात आपली काही चूक नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का केलंत? त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी लेकरू आहे. माझ्या घरी मांजर आहे, तिला काही फरक पडत नाही. तुम्हाला बरं वाटायला लागलं की तुम्हीच सांगाल."

हे शेवटचं वाक्य मी अकरा वर्षं ऐकत आलो आहे. मला बरं वाटायला लागलं नाही. वाईटही वाटेना. मी त्याच निमित्ताने बसून राहिलो.

बाईंना प्रश्नपत्रिका काढायला आणि तपासायला कायमची बंदी झाली. त्यांचं पद आणि ठपका लिहिलेला कागद महिनाभर सूचनाफलकावर होता. विभागप्रमुखपद ज्येष्ठतेने त्यांचं होतं, ते मला मिळालं. दर वर्षी कर्मचाऱ्यांचा गोपनीय अहवाल विभागप्रमुख भरतो. त्यात 'पूर्वीचा ठपका असल्यास' असा रकाना आहे. बाईंच्या अहवालात तो रकाना मी अकरा वेळा माझ्या हाताने भरला. अक्षर चांगलं आलंय. ते मी परवा काढून पाहिलं.

आणि शनिवार? बाईंनी सोडला नाही. कुणी विचारत नसताना त्या तीन नंबरच्या खोलीत जायच्या, मध्ये रेघ मारायच्या, आणि उजवीकडे यानाच्या बाजूने नवं गणित सोडवायच्या. डावी बाजू तशीच ठेवायच्या. मी व्हरांड्यातून जाताना पाहत असे. आत गेलो नाही.

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं होऊन गेली, मान्य आहे. हे सगळं मी लेखी दिलेलं आहे. मंडळाच्या नावाने पत्र आणि सोबत माझा राजीनामा, आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवला. पाकीट अजून उघडलेलं दिसत नाही, कारण आपण मला दुपारपासून दोनदा चहा विचारलात. पुढच्या महिन्यात प्राचार्यपदाच्या मुलाखती आहेत, त्या यादीतून माझं नाव कमी करावं, ही विनंतीही त्यात आहे.

आता एकच सांगायचं राहिलं, आणि ते सभागृहाला नाही.

ती विद्यार्थिनी गेली सात वर्षं आपल्याच कार्यालयात प्रवेशाच्या खिडकीवर काम करते. आपण सगळे तिला ओळखता. आत्ता ती दाराजवळ पाहुण्यांच्या सह्यांची वही घेऊन बसली आहे. मी तिला रोज सकाळी 'काय, कसं काय' म्हणतो आणि ती हसून 'बरं आहे सर' म्हणते. बाई खिडकीपाशी आल्या की ती खाली मान घालून कागद पुढे सरकवते. सात वर्षांत ती बाईंशी कामापलीकडे एक शब्द बोललेली नाही. सूचनाफलकावर तिने जे वाचलं त्यावर तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? बाईंनी तिला कधी काही सांगितलं नाही. एकदाच मला म्हणाल्या होत्या, बाकी कशाचं काही नाही हो, या पोरीचं तेवढं लागतं.

बेटा, तुझा अर्ज मी बाईंकडे कधी पाठवलाच नव्हता, तो पाच आठवडे माझ्या खणात होता. आणि त्या शनिवारी बाईंनी फळ्याच्या त्यांच्या बाजूला जे सोडवलं होतं, ते मी अर्धंच वाचून पुसलं. नंतर मी तेच गणित यानाच्या बाजूने घरी करून पाहिलं. पृथ्वी पुढे पळते आहे, संदेश तिच्या मागे, दर वर्षी अंतर चार दशांशाने कमी होतंय. बारा वर्षं लागतात. त्याच्या घड्याळात वीस होतात, आणि तिच्या घड्याळात सोळा. बाईंचं उत्तर सोळाच होतं. तुझंही तेच होतं. त्या वर्षी ते गणित नीट सोडवलेली तुम्हा दोघींसारखी माणसं या इमारतीत होती, आणि मी तुम्हाला एकमेकींशी बोलू दिलं नाही.

मला या क्षणी काय वाटतंय, असं कुणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही.   लाज वाटायला हवी, ती कदाचित उद्या वाटेल.

असो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, मान्यवरांनी मध्ये थांबवलं नाही, आणि आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. समारंभ समितीने केलेल्या व्यवस्थेबद्दल त्यांचेही आभार. बाईंना पुढच्या आयुष्यात उत्तम आरोग्य लाभो. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द कमी-जास्त झाला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका, ते माझ्याकडेच राहू द्या.

मधल्या रांगांमधल्या मंडळींनी जरा पाय आत घ्यावेत. तिला पुढे यायचंय, बाईंकडे.